अण्णांचे जाड खांब

फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडाचा बुरा रोज झाडला तरी कोपऱ्यात साठतोच. किश्श्यांचंही तसंच. हुमनाबादला वीरण्णांच्या दुकानात मी मापं घ्यायचो, नकाशे काढायचो. गोदामात पोती ठेवायला लोखंडी माळे करणं हे आमचं मुख्य काम. माळा पडू नये आणि दुकान चालू राहावं, अण्णांना एवढंच हवं होतं. त्यातलं पहिलं जमलं!

*

निर्णा गावच्या एका सावकारांना तुरीची पोती ठेवायची होती. मी तुरीचं वजन धरून नकाशा काढला. अण्णा म्हणाले, "सिमेंटचं धर."

"ते तूर म्हणायलेत की!"

"आज म्हणायलेत. उद्या घर बांधायला काढलं की सिमेंट कुठं ठेवतेल?"

मग माळ्यावर दुपारी झोपणाऱ्या हमालांचं वजनही धरायला लावलं. "अन् जेवून आलेले धर!"

*

मुडबीच्या व्यापाऱ्याला खांब फार जाड वाटले. "जागा खायलेत, अण्णा. बारीक करा."

"करतो की. पण आमची रीत ठावं हाय न्हवं? माळा भरला की पहिली पंगत त्याच्याखाली. मालकानं बायकापोरांसंगं बसायचं."

व्यापाऱ्यानं नकाशा माझ्याकडं परत सरकवला. "जाडच ऱ्हाऊ द्या!"

*

पुढं हैदराबादहून नटबोल्टवर जोडायचे तयार माळे यायला लागले. हलके, रंगवलेले, स्वस्त. आमचा वेल्डर ख्वाजा पुण्याला गेला. तिथून त्यानं फोन केला, "अण्णा, यहाँ पत्रा पतला है, पर पगार मोटा है!"

सगळ्यांत जास्त अण्णाच हसले. त्या दिवशी त्यांनी वेल्डिंग मशीन मात्र चालू केलं नाही.

*

मुडबीचा तोच व्यापारी एकदा बाजारात भेटला. लांबूनच ओरडला, "अण्णा, तुमचा माळा अजून हलत न्हाई बघा!"

अण्णांनी हात जोडले. घरी येताना म्हणाले, "न्हाई हलत, म्हणून तर ह्यो परत येत न्हाई." मला वाईट वाटलं. आजही वाटतं.

*

शेवटी दुकान विकलं. आमचं लोखंड ठेवायचा माळा अण्णांनी स्वतःच्या हातानं केला होता. तो तोडायला नव्या मालकाची माणसं आली. वर लोखंडाचे अँगल तसेच रचलेले, आणि यांनी पुढच्या खांबाला गॅस कटर लावला.

"अरे, मरताव की! आधी वरचं उतरवा!" अण्णा धावले. मग खडू घेऊन कुठला खांब कुठल्यामागून कापायचा, त्याच्या खुणा स्वतःच केल्या. कोपऱ्यातल्या खांबापाशी थांबले. त्यावर हात ठेवला आणि खडू खिशात टाकला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या. छप्पर ह्याच्यावरच हाय."

कटरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. छप्पर त्या खांबाच्या कितीतरी वर, भिंतींवर टेकलेलं होतं.

"व्हय," मी म्हणालो, "छप्पर ह्याच्यावरच हाय."