अक्कलदाढ आणि धोंड्याचं जेवण

निजामाच्या राज्यात मी परभणीच्या सरकारी शाळेत गणित शिकवत होतो. मराठी मास्तर, मराठी पोरं आणि भागाकार उर्दूतून. सगळं इतकं सुरळीत चाललेलं असताना माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी उगवली. गाल सुजला, कान ठणकायला लागला. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर हैदराबादचे होते. कंपौंडरनं माझं डोकं असं धरलं की मी पळून जाणार याची त्याला खात्रीच असावी. पुष्कळ खटपटीनंतर दाढ निघाली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून बसवला आणि बजावलं, "देखो मास्टर साब, वहाँ जो खून जमेगा ना, वही मरहम है. उसको हिलाना नक्को. आज कुल्ली नक्को, थूकना नक्को. कल से नमक का कुनकुना पानी, नरम खाना. और हुक्का-बीडी का तो नाम बी नक्को लेना."

इतकं सोपं होतं. घरी पडून राहिलो असतो तर आज सांगायला काही उरलंच नसतं. पण धोंड्याचा महिना चालू होता. बायको आधीच माहेरी, वालूरला गेली होती आणि सासऱ्यांची बैलगाडी सेलूच्या स्टेशनावर येऊन थांबणार होती. धोंड्याच्या जेवणाला जावई गेला नाही तर तो रुसला, उशिरा गेला तरी रुसला. तेव्हा दुसऱ्याच दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून, फुगलेला गाल घेऊन मी हजर झालो. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं.

सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते, खसखस लावलेले अनारसे केले होते. मी ताटासमोर बसलो आणि नुसतं दूध मागितलं. माझे चुलतसासरे, म्हणजे बायकोचे काका, ज्यांना गावात कुठल्याच विषयाचं अज्ञान नव्हतं, ते म्हणाले, "जावाईबापू जेवत न्हाईत, म्हंजे काय समजावं आमी?"

"दाढ काढलीय," मी दातांतल्या दातांत म्हणालो.

"दाढ काढल्यानं कुनी उपाशी ऱ्हातंय व्हय? आमी दात बघून बैलं घेतो. आमाला नका सांगू."

मग माझ्यासमोरच माझ्याविषयी कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, अंगठी पाहिजे असेल. कुणी म्हणालं, आजकालच्या मास्तरांना सायकल लागते. बिचाऱ्या सासऱ्यांचा चेहरा उतरत चालला. तो बघवेना म्हणून मी एक अनारसा चुरून गालाच्या कडेनं आत सारला. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, आवडला. त्यांनी आणखी वाढला.

जेवणानंतर काकांनी उपचार हाती घेतले. त्यांनी चिलीम पेटवली आणि माझ्यापुढे धरली. "धूर कोंडा त्या भोकात. कीड मरती."

दाढच नाही तर कीड राहते कशात, असं विचारायला तोंड उघडत नव्हतं आणि नाही म्हणायला भीड आड येत होती. मी हलकेच एक झुरका घेतला.

"आसं न्हाई. जोरात वढा!"

मी जोरात ओढला. तोंडात खारट चव आली, काहीतरी सुटून घशाखाली गेलं. काका म्हणाले, "बघा, कीड पडली."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळ जबड्यातून कानात आणि कानातून कपाळात चढली. मग हळद झाली, तुरटी झाली, तापवलेल्या ओव्याची पुरचुंडी झाली. जो येई तो तोंडात डोकावून जाई आणि काहीतरी सुचवून जाई. एकानं तर उरलेल्या दाढाही काढून टाकायला सांगितलं, म्हणजे कटकटच नको.

वडीलधाऱ्यांसमोर बायको माझ्याशी बोलत नसे. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आसपास कुणी नाही बघून हळूच विचारलं, "डाक्टरनं काय सांगितलं व्हतं?"

मी कसंबसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग चिलीम कशाला वढली?"

"तुझे काका म्हणाले."

"दाढ काकाची व्हती का?"

ती उठली, पदर सावरून थेट ओसरीवर गेली आणि पुरुषांच्या बैठकीत वडिलांना म्हणाली, "बाबा, गाडी जुपायला सांगा. ह्यांना परभनीला न्यायचंय."

"आता घरातल्या बायका ठरवायल्यात व्हय?" काका गरजले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या गालाकडे पाहिलं आणि स्वतःच बैल जुंपायला गेले. त्या घरात मला मिळालेलं हे पहिलं औषध.

दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि चिमट्यानं एकेक दाणा बाहेर काढला. "खसखस! ये क्या खेती लगाई मास्टर साब? हुक्का पिया?"

"चिलीम," माझ्याऐवजी बायकोनं उत्तर दिलं.

"शाबास."

जमलेलं रक्त निघून गेल्यानं खड्ड्यात हाड उघडं पडलं होतं. त्यांनी तो धुतला आणि लवंगेच्या तेलात भिजवलेली कापडाची पट्टी आत भरली. थोड्याच वेळात कळ ओसरली. मला त्या खुर्चीतच झोप लागेल असं वाटलं. पट्टी बदलायला मी मग पुष्कळ दिवस जात राहिलो. बायको माहेरी परतलीच नाही. रोज सकाळी ती मला दारातल्या उजेडात बसवून तोंड उघडायला लावी, खड्डा किती भरला ते बघे आणि मिठाचं कोमट पाणी हातात देई. खायला ज्वारीची पातळ आंबील. शाळेतही मी कमी बोलू लागलो आणि पोरांना गणित जरा बरं समजू लागलं.

वालूरला मात्र काकांच्या चिलमीनं जावयाची दाढ बरी झाल्याची ख्याती पसरली. दोघेतिघे तिकडून गाल सुजवून परभणीच्या दवाखान्यात आल्याचं कंपौंडरनं मला सांगितलं. सासऱ्यांनी अंगठीही पाठवली. रुसवा नव्हताच, हे पटवून द्यायच्या भानगडीत मी पडलो नाही.

एका सकाळी मी भाकरीचा कडक पापुद्रा डाव्या बाजूनं चावला. आवाज ऐकून चुलीपुढून तिनं मान वर केली.

"दुखलं?"

"नाही."

"मग आंबील बंद," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.