नवसाचा घास

बारा वाजून वीस मिनिटं झाली हे बघायला शिवणाच्या दुकानात कोणाला घड्याळ लागत नसे. काजवालीने सुई गादीत खोचली आणि पायांत चपला सरकवल्या की झाली वेळ. मास्तर कापायचे, दोघे जण मशीनवर शिवायचे आणि शेवटी प्रत्येक शर्ट, प्रत्येक कोट काजं-बटणांसाठी तिच्या मांडीवर यायचा. मशीनचं काज तिला मान्यच नव्हतं. ते काज नव्हे, नुसतं भोक, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची. हाताला अशी सफाई की मास्तर तिचा शब्द खाली पडू देत नसत. पण त्या वेळी एखादा नवरदेव कोटासाठी दारात ताटकळत असला, तरी ती उठायचीच.

दोन गल्ल्या सोडून तिचं घर, आणि घरात तिचा मुलगा. सव्वीस वर्षांचा. त्याला भरवायला ती जायची. सकाळी भरवून यायची, दुपारी जाऊन भरवायची, रात्री परत. आता कोणी म्हणेल, त्यात काय मोठं, आई आहे. बरोबर आहे. पण एकोणीस वर्षं, रोज तीन वेळा, एकही खाडा नाही, हे जरा करून बघा म्हणजे कळेल. कारखान्यातसुद्धा रविवारी सुट्टी असते.

मुलगा सात वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस डोळे उघडले नाहीत. त्या दवाखान्याच्या तळमजल्यावर एक छोटं प्रार्थनाघर होतं, सहा बाकं आणि एक मारियामातेची मूर्ती. तिथे फरशीवर गुडघे टेकून ती बोलून गेली, "याला ठेव. याच्या तोंडात जाणारा एकूण एक घास मी माझ्या हाताने भरवीन, हात चालतील तोवर." बाराव्या दिवशी पोराने पाणी मागितलं. डावी बाजू लुळी राहिली, उजवा हात थरथरता झाला, बोलणं संथ झालं, पण पोरगा राहिला. देवाने आपली बाजू पाळली. मग हिने काय करावं? हिनेही पाळली.

आणि कशी पाळली, तेही ऐका. सख्खी बहीण गेली ती तासाभराच्या अंतरावरच्या गावात. अकराला चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. ही दहाला पोचली, बहिणीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि मिस्सा अर्धीच सोडून सव्वाअकराच्या बसने परत फिरली, कारण साडेबाराचा घास. भाचे अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. नवरा होता तोवर अधूनमधून म्हणायचा, "अगं, एक वेळ मी भरवतो, तू जरा पड." ती त्याच्याकडे अशी बघायची की बिचारा आपलं ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसायचा. सहा वर्षांपूर्वी तोही गेला. त्या दिवशीसुद्धा तिने आधी मुलाला भरवलं, मग रडली.

चार वर्षांपूर्वी मुलाकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायला एक ताई घरी यायची. तिने जाड मुठीचा, वजनदार चमचा आणून दिला. थरथरत्या हातातही स्थिर राहतो म्हणाली, याला स्वतःचं स्वतः जेवता येईल. काजवालीने हसून चमचा घेतला, धुतला, पुसला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पवित्र पाण्याच्या बाटलीमागे ठेवून दिला. पुढच्या महिन्यात ताईला सांगितलं, आता नका येऊ.

तर अशी ही बाई. आणि एके दिवशी आंघोळ करताना तिच्या उजव्या काखेजवळ हाताला गाठ लागली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ चांगली नाही, लवकर काढायला हवी. आठ दिवस दवाखान्यात, पुढे सहा आठवडे उजवा हात वर करायचा नाही. तारीखही दिली. काजवाली "बघते" म्हणाली आणि गेलीच नाही. दुसरी तारीख दिली. तीही गेली. तिसरी पुढच्या सोमवारची होती. या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानंतर मी तारीख देईन, पण उपयोगाची असेल असं सांगत नाही."

तिचं गणित साधं होतं आणि ते कुठूनही सोडवलं तरी उत्तर एकच यायचं. गेलं नाही तर गाठ आपल्याला नेणार आणि पोरगा उघड्यावर पडणार. गेलं तर नवस मोडणार, आणि देवाने दिलेलं देव परत घेणार. इकडून दार बंद, तिकडून दार बंद. रात्रंदिवस जीव टांगणीला लागलेला, आणि चेहऱ्यावर मात्र तेच ते हसू.

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. तिखट जिभेची, पण जीव लावणारी. ती भाच्याला "साहेब" म्हणायची, कारण साहेबांना सगळं हातात नव्हे, थेट तोंडात मिळतं. गाठीचं कळलं तशी ती जिना उतरून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, आठ दिवस साहेबांना मी भरवीन. माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"तसं नाही हो वन्सं."

"मग कसं? देव काय दारात वही घेऊन बसलाय, कोणाच्या हाताने किती घास गेले ते लिहायला?"

खरं सांगायचं तर काजवालीला तसंच वाटत होतं.

त्यात भर चर्चमधल्या बायांची. दर गुरुवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत आयांचा गट जमायचा. सगळ्यांच्या घरी काही ना काही. कोणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कोणाची मुलगी फिट्स येणारी. जपमाळ म्हणायच्या, मग चहा घेत एकमेकींची विचारपूस करायच्या. या गटात काजवाली म्हणजे उदाहरण. "हिच्याकडे बघा, हिची श्रद्धा बघा." अहो, उदाहरण झालेल्या बाईची फार पंचाईत असते. तिला दमायची सोय नाही, कुरकुरायची सोय नाही. गेले सात महिने तिच्या तोंडून प्रार्थना निघत होती पण आत काही हलत नव्हतं, हे ती कोणाला सांगणार?

त्या गुरुवारी एक तरुण आई तिच्याशेजारी येऊन बसली. तिची तीन वर्षांची मुलगी अजून पायावर उभी राहत नव्हती. त्या आईच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. हळूच म्हणाली, "काकू, मी पण तुमच्यासारखंच बोलले देवाला. पोरगी चालेपर्यंत पलंगावर झोपणार नाही. दोन महिने खुर्चीत बसून झोपते." आणि कौतुकाच्या अपेक्षेने ती हिच्याकडे बघायला लागली.

काजवालीला वाटलं, या पोरीला गदागदा हलवावं आणि म्हणावं, वेडी आहेस का, झोप जा आडवी होऊन. पण ते म्हणायला तोंड कुठे होतं? तिने चहाचा कप खाली ठेवला आणि तडक फादरांकडे गेली.

फादर वेदीमागच्या खोलीत कपाट आवरत होते. म्हातारे होते, गुडघे गेलेले. त्यांच्या झग्याचं गळ्याजवळचं बटण लोंबत होतं. तिला ते बघवेना. पिशवीतून सुईदोरा काढून ती म्हणाली, "बसा फादर," आणि बटण टाचता टाचता तिने सगळं सांगितलं. नवस, गाठ, दोन गेलेल्या तारखा, खुर्चीत झोपणारी पोरगी. दोरा ओढायला हात वर न्यावा लागायचा. तिसऱ्या टाक्याला तिचा हात अर्ध्यावरच थांबला.

फादरांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. "हात चालतील तोवर, असं बोलली होतीस ना? मग बघ तुझ्या हाताकडे."

"ही पळवाट झाली, फादर."

"बरं, पळवाट नको. एकट्याने बोललेला नवस बदलून द्यायचा अधिकार मला आहे, तो मी वापरतो. आजपासून घास भरवायचा नाही. त्याच्या जेवणाच्या वेळेला, तू असशील तिथे, जपमाळेचे दहा मणी म्हणायचे. संपलं."

"संपलं?" ती म्हणाली. एकोणीस वर्षांचं ओझं असं बटणासारखं तुटून पडेल हे तिला खरं वाटेना. उलट तिला फादरांचा राग आला. इतकं सोपं होतं, तर कोणी आधी का नाही सांगितलं? मग आठवलं, तिने आधी कोणाला विचारलंच नव्हतं.

गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी तिने सवयीने भरवलंच. शनिवारी दुपारी ती घरी आली. ताट वाढलं. भात, अंडं, उकडून कुस्करलेला भोपळा. भोपळा आठवड्यातून दोनदा ठरलेला, कारण तो गिळायला सोपा आणि बाळाला आवडतो. सव्वीस वर्षांच्या पोराला ती बाळच म्हणायची. त्याच्यासमोर बसून तिने फादर काय म्हणाले ते सांगितलं. मुलगा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने ताटातल्या भोपळ्याकडे बघितलं.

मग संथपणे म्हणाला, "म्हणजे आता मी नको म्हटलं तर चालेल?"

"म्हणजे?"

"तू दर वाढदिवसाला सांगायचीस. देवाने मला का ठेवलं ते. मला वाटायचं, मी एक घास नाकारला की नवस मोडेल. मग मी मरेन." पुढे तो म्हणाला, "आता लहान नाही, कळतं. पण तोंड आपोआप उघडतं."

तिला एकदम सगळं आठवलं. पाहुणे म्हणायचे, काय गुणी पोर, जेवताना नखरे म्हणून नाहीत. तीही अभिमानाने मान डोलवायची. ताप असो, उलटी होऊन गेलेली असो, चमचा समोर आला की तोंड उघडलेलं.

"आणि आई, भोपळा मला अजिबात आवडत नाही."

तिला हसू आलं की हुंदका, तिचं तिलाच कळलं नाही. ती उठली, स्टुलावर चढली, डाव्या हाताने पवित्र पाण्याची बाटली बाजूला केली आणि जाड मुठीचा चमचा खाली काढला. धुतला, पुसला, त्याच्या मुठीत दिला.

निम्मा भात मांडीवर सांडला. अंडं दोनदा खाली पडलं. एक ताट संपायला पाऊण तास लागला, आणि एवढा वेळ ती स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. चमचा त्याच्या ओठांशी गेला की हिचंच तोंड उघडायचं. मास्तरांनी निरोप पाठवला तेव्हा दीड वाजून गेला होता. शेवटी पोराने भोपळा तसाच ठेवला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "नको." पहिल्यांदा. म्हणून झाल्यावर तो थोडा घाबरून तिच्याकडे बघत राहिला. तिने ताट उचललं.

सोमवारी मुलाला नणंदेवर सोपवून ती दाखल झाली. गाठ काढली. मुळं किती खोल गेलीत ते तपासणीतून कळायचं होतं. उजवा हात छातीशी पट्टीने बांधलेला, डाव्या हातात सलाइनची सुई टोचलेली. बुधवारी साडेबाराला वॉर्डातली मावशी वाटी-चमचा घेऊन खाटेशी बसली. आत मऊ शिजवलेला, पांढरट काहीतरी लगदा होता. काजवालीच्या ओठांवर दहा मणी चालू होते, सहाव्यावर आली होती.

"आधी हे घ्या, मग जप," मावशी म्हणाली. चांगली बाई होती, मायेने भरवत होती. चमचा समोर आला, तोंड उघडलं. पुन्हा चमचा, पुन्हा तोंड. चौथ्या घासालाच तिला पुरे झालं. नको म्हणायचं होतं. पण समोर इतक्या प्रेमाने धरलेला चमचा, आणि मावशीच्या डोळ्यांतली ती वाट बघणारी नजर. नको म्हणायला जीभ वळेना. तिने सगळी वाटी संपवली.

"किती शहाण्या आहात," तोंड पुसत मावशी म्हणाली. "काही नखरे नाहीत."

काजवालीने भिंतीकडे मान फिरवली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते कानापर्यंत वाहत गेलं. जरा वेळाने तिने मावशीला फोन लावून कानाशी धरायला सांगितलं.

"जेवलास का रे?"

"अर्धंच. आत्याने भोपळा केला होता. मी नको म्हटलं."

"बरं केलंस," ती म्हणाली.