डॉक्टरीणबाईंनी कॉफी परत केली

माझा नवरा राडिसाव सत्तावीस वर्षं सर्बियात नीश ते पिरोत रेल्वेचं इंजिन चालवतोय. मार्चमध्ये एक माणूस त्याच्या गाडीखाली आला. चौकशी झाली, राडिसावची चूक नाही असा कागदही मिळाला. पण तेव्हापासून इंजिनाची पायरी चढायची म्हटली की हा फलाटावरूनच मागे फिरायचा. रेल्वेने सांगितलं, आमच्या डॉक्टरीणबाईंकडे समुपदेशन घे. हिवाळ्यापर्यंत सावरलास तर इंजिन, नाहीतर गोदाम. गोदामात हा माणूस वर्षभरात झुरून मेला असता, हे मला लख्ख दिसत होतं.

आमच्याकडे डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने कुणी जात नाही. मी कॉफीचा पुडा, चॉकलेटचा डबा आणि राकियाची, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली बांधून दिली. तासाभराने हा सगळं घेऊन परत.

"घेतलं नाही तिने," राडिसाव म्हणाला. "म्हणे, आमच्यात असं चालत नाही."

झालं! जो डॉक्टर कॉफी घेतो तो आपला. जो घेत नाही, त्याने एक तर रोग्याची आशा सोडलेली असते, नाहीतर त्याला दुसऱ्या कुणीतरी आधीच बांधून ठेवलेलं असतं.

"रेल्वेचं माणूस आहे ती," मी म्हणाले. "काही लिहून घेते का?"

"वहीत लिहिते. रेल्वेला फक्त मी आलो एवढंच कळवते म्हणाली. बाकी सगळं तिच्यापाशीच राहणार. जिवावरचं काही असेल तरच बाहेर सांगणार."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"मी काय खुळा आहे? पाऊसपाण्याचं बोललो."

शहाणा माझा. आपण बोललेलं वहीत उतरवून घेणारी सरकारी माणसं आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या वहीतून कुणी सुखरूप बाहेर आलं नाही.

सात गुरुवार हा पाऊसपाण्याचं बोलत राहिला. औषध नाही, सल्ला नाही, ती नुसती विचारते म्हणे. कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्री पटली. शेवटी मीच गेले. तिजाना नाव तिचं, जेमतेम तिशीची. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सरळ विचारलं, "माझा नवरा राडिसाव इथे काय बोलतो?"

"काकू, या नावाचं कुणी इथे येतं की नाही, हेही मी सांगू शकत नाही."

"अगं, त्याचे मोजे मी धुते. येतो ते मला माहीत आहे."

"मग त्यांनाच विचारा ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले, रडले, तिच्या आईबापांचाही उद्धार केला. तिने पाण्याचा पेला पुढे केला, पण तोंड काही उघडलं नाही.

घरी येऊन राडिसाववर तोफ डागली. "भलतीच आगाऊ आहे तुझी बाई. तू तिथे जातोस एवढंही कबूल करेना."

त्याने चमचा खाली ठेवला. "तुलाही नाही सांगितलं?"

"नाही म्हणते ना."

"रडलीस तरी?"

"रडले तरी."

मग त्याने चमचा उचलला आणि ताट संपवलं.

पुढच्या गुरुवारी मी अंगणात मिरच्या भाजत होते. तो आला आणि माझ्याशेजारी बसला.

"दारिंका, तो माणूस रुळाच्या कडेला उभा होता. त्याने हात हलवला. शेतातली माणसं हलवतात ना, तसा. मीही हलवला. हसून. मग तो पुढे आला."

सहा महिने हे त्याने पोटात ठेवलं होतं, आणि मी त्याच्याच अंथरुणात झोपत होते.

"चौकशीत नाही सांगितलंस?"

"काय सांगू? हात ब्रेकवर हवा होता, तेव्हा मी हसत होतो म्हणून?"

"अरे, पाऊण किलोमीटर लागतं तुझ्या गाडीला थांबायला."

"माहीत आहे मला."

"तिला सांगितलंस?"

"आज सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"तिने विचारलं, त्या दिवशी त्याच्याकडे बघून आणखी कुणी हसलं असेल का?"

एवढं बोलून राडिसाव ढसाढसा रडायला लागला. मिरच्या करपत होत्या. मी त्या करपू दिल्या आणि त्याला जवळ घेतलं.