साहेब येईस्तोवर

डाळजच्या सिद्धू कोकऱ्याच्या घराला पुढून चांगलं रुंद दार आहे, हायवेच्या अंगाला तोंड केलेलं. पण सिद्धू त्या दारानं आत जात नाही. गोठ्यातून जातो, शेण तुडवत, वाकून. पोरंटोरं खिदळतात, म्हाताऱ्या म्हणतात, बाहेरचं असंल कायतरी. बाहेरचं कसलं डोंबलाचं, घरातलंच आहे! पुढच्या उंबऱ्यावर त्याची बायको सारजा बसलेली असते. आणि तिला जाऊन दोन वर्षं झालीत.

वेडाबिडा नाही हं सिद्धू. बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडला, ह्यानं ती विकून जर्शी गाया घेतल्या, डेअरीला दूध घातलं, पत्र्याचं घर बांधलं. चार माणसांत बसतो, तंबाखू मळतो, थट्टामस्करी करतो. फक्त हायवे सोडून एखादी फटफटी गावाकडं वळली की त्याचा हात थांबतो. मग त्याला सारजाचा आवाज येतो, "आवं, आला का साहेब?" भर दुपारी येतो, माणसांत बसलेला असताना येतो. शेजारच्याला ऐकू जात नाही, ह्याचंच त्याला नवल वाटतं.

साहेब म्हणजे मानसिंग. बारामतीचा विम्याचा एजंट. गाईंच्या कानात बिल्ले मारून विमा उतरवायचा, तेव्हापासूनची ओळख. एकदा सिद्धूची एक गाय पोटफुगीनं मेली. गडी बिचारा साधा, वास सुटायच्या आत खड्डा खणून तिला पुरून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मानसिंग आला आणि कपाळाला हात लावून बसला. "सिद्धूराव, काय केलंत हे! आधी मला कळवायचं. मी डोळ्यानं बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. आता कंपनी काही देत नसते." सिद्धू गाईसाठी रडला नाही तेवढा आपल्या अडाणीपणासाठी हळहळला. पुढं कुणाचंही जनावर मेलं की हाच पळत जायचा. "हात लावू नका रं, साहेब येईस्तोवर हात लावू नका!"

सत्त्याण्णव साली मानसिंग माणसांचा विमा विकायला लागला. आजारी पडलात तर मोठ्या दवाखान्याचा खर्च कंपनी देणार, म्हणाला. सिद्धूनं नवराबायको दोघांचा उतरवला. सारजा अंगठा उठवता उठवता हसली, "माज्याबी कानात बिल्ला मारता का काय, साहेब?" सगळ्यांना हसू आलं. सारजा होतीच तशी, तोंडाची तिखट आणि मनाची मऊ.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर एका सोमवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. मंगळवारी उजव्या कुशीला हात लावू देईना. चाँदभाई जीप घेऊन दारात आला. हा भिगवण-इंदापूर वडाप करणारा, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून ने-आण करणारा, सिद्धूचा लहानपणापासूनचा दोस्त. "उचल तिला. भिगवणला सरकारी दवाखाना हाय, डॉक्टरीणबाई आज हायती. मी आत्ताच बघून आलोय."

सिद्धू म्हणाला, "आरं, फुकटातल्या दवाखान्यात कशाला? आपला इमा हाय. साहेबानं एकदा बघितलं की थेट बारामतीचा मोठा दवाखाना. तू फकस्त बारामतीला जा अन् साहेबाला सांगावा दे."

"बघायला कशाला पायजे त्यो? दुखतंय तिला!"

"नियम हाय. तुला न्हाय कळायचं. मी एकदा चुकलोय, आता न्हाय चुकायचा."

चाँदभाईलाही विम्यातलं काय कळत होतं? जीप हाणत बारामतीला गेला, सांगावा दिला. सिद्धूकडं या, सारजावैनी आजारी हाय, बघून जावा. मानसिंग घरी नव्हता, घरच्यांनी "सांगतो" म्हटलं.

आणि सिद्धू वाट बघत बसला. सारजाची जाऊ ओव्याचं पाणी घेऊन आली, त्यानं तिला परत पाठवलं. साधी गोळी दिली नाही. औषधानं उतार पडला आणि साहेबाला दुखणं दिसलंच नाही तर? असा हिशेब बघा माणसाचा! सारजानंही ऐकलं. नवऱ्याला कायदा कळतो, ह्याचा तिला केवढा अभिमान. बुधवारी सकाळी तिनं कसंबसं केस विंचरले, धुतलेलं हिरवं लुगडं नेसली, साहेब येणार म्हणून. आतल्या अंधारात त्याला नीट दिसायचं नाही, म्हणून उंबऱ्यावर येऊन बसली. फटफटी वाजली की मान उचलायची. "आवं, आला का साहेब?"

दुपारी अचानक म्हणाली, "थांबलं बगा. दुखायचं थांबलं." सिद्धूला इतकं बरं वाटलं की त्यानं चहा टाकला. चहा घेऊन आला तेव्हा तिला थंडी वाजत होती, नजर हायवेवर होती आणि ओठ निळे पडले होते. दिवस मावळायच्या आत चौकटीला डोकं टेकून ती गेली. तरी चाँदभाईनं तिला जीपमध्ये घातली, भिगवणला नेली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, आतलं फुटलंय. काल आणली असती तर वाचली असती.

दहाव्याला मानसिंग भेटायला आला. सिद्धूनं त्याला अंगणातूनच घालवला, तोंडातून शब्द काढला नाही. विम्याचे कागद चुलीत घातले. ह्या माणसानं माझी बायको मारली, यायचं होतं आणि आला नाही, हे त्याच्या मनात असं घट्ट बसलं की त्याच्यावरच तो जगत होता. सारजाचा आवाज आला की तो मनात म्हणायचा, न्हाय आला गं, त्यो हरामखोर आलाच न्हाय.

नव्व्याण्णव साली मानसिंग पुन्हा गावात आला. आता खाजगी कंपन्या येणार, स्वस्त विमा येणार, असं बिरोबाच्या देवळापुढं माणसं गोळा करून सांगायला लागला. चाँदभाई फटकन बोलला, "कशाला पायजे कंपनी? सरकारनं दवाखान्यात डॉक्टर ठेवावा, औषध ठेवावं. गरीब असू दे न्हायतर सावकार, दारातनं आत गेला की उपचार. झालं की!"

"चाँदभाई, सरकारच्या भरवशावर किती दिवस बसणार? आपली सोय आपण करावी."

"अन् ज्याला हप्ता परवडत न्हाय त्यानं मरावं व्हय?"

दोन्हीकडून माना डोलत होत्या. तेवढ्यात मागून सिद्धू उठला. चालत पुढं आला. दोन वर्षं त्यानं हे बोलणं दाढेखाली धरून ठेवलं होतं. "साहेब, सगळ्या गावाम्होरं सांगा. माजी सारजा दोन दिस तुमची वाट बघत हुती. सांगावा दिला हुता. का न्हाय आला तुमी?"

मानसिंगला काही कळेना. "सांगावा मिळाला होता, सिद्धूराव. मला वाटलं, आजारी आहेत, सवडीनं भेटून येऊ. पण माझी वाट कशाला बघायची?"

"तुमी बघितल्याबिगर हात कसा लावायचा?"

मानसिंगचा चेहरा उतरला. तो अगदी हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ते जनावराचं असतं हो. तेही मेल्यावर. माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं, बिलं मागाहून पाठवायची. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?... मी सांगायला हवं होतं."

सिद्धू खाली बसला, होता तिथंच, मातीत. शिव्या द्यायला आता त्याच्याकडं कुणी उरलं नव्हतं. चाँदभाई त्याच्याशेजारी येऊन टेकला आणि त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सिद्धूनं विचारलं, "चाँदभाई, मंगळवारी तू जीप आणली हुतीस. तवा नेली असती तर?"

"न्हाय रं," चाँदभाई म्हणाला. "तवाच उशीर झाला हुता. काय उपेग न्हवता."

सिद्धूनं त्याच्याकडं बघितलं. "एवढ्या वर्षांत तू माज्याशी कदी खोटं बोलला न्हाईस, चाँदभाई," तो म्हणाला. "आजबी तुला जमंना."