विसावी केस आणि सरपंचांचा शिक्का

“नाडी किती?”

“अठ्ठावीस, सर.”

“मी रविवारी धुळ्याला येतो. तोवर थांब.”

फोनवर मुंबईचे आमचे सर होते आणि वार होता बुधवार.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्यात फिजिशियन होतो. हृदयरोगाच्या पुढच्या सर्टिफिकेटसाठी वीस टेम्पररी पेसिंग लागत. म्हणजे हृदयाचे ठोके फार मंदावले, की मानेच्या शिरेतून तार आत सारून त्याला विजेचे बारीक झटके द्यायचे. प्रत्येक केस सीनियरच्या देखत आणि त्याच्या सहीनिशी. मुंबईत सरांच्या हाताखाली एकोणीस झाल्या आणि माझी रजा संपली. आमच्या जिल्ह्यात तसा सीनियर औषधालाही नव्हता. विसावे आले ते साक्रीकडचे आबा, शेतात चक्कर येऊन पडलेले.

“सर, आबा रविवारपर्यंत टिकणार नाहीत.”

“मग ती केस धरली जाणार नाही. नियम आहे.”

मी फोन ठेवला.  तार घातली. मॉनिटरवर सत्तर ठोके दिसले तेव्हा मी खाली बसलो.

सहीचं रडगाणं नर्सनं आबांच्या मुलाला सांगितलं असावं. दोन दिवसांनी तो कागद घेऊन हजर.

“सहीनी चिंता नका करा, डाक्टरसाहेब. सरपंचभाऊ दारमा उभाच व्हतात. त्यासनी बठ्ठं देखं.”

कागदावर लिहिलं होतं : ‘डॉक्टरांनी आमच्या देखत आबांना तार घातली. आबा जिवंत आहेत.’ खाली सही आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का.

मला हसू आलं. पण त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी तो केसेसच्या नोंदींच्या लॉगबुकला जोडून परीक्षा मंडळाकडे पाठवून दिला.

महिन्यानं मंडळाचं उत्तर आलं : ‘नोंद १ ते १९ : सहीखाली शिक्का नाही, सबब अमान्य. नोंद २० : मान्य.’

सरांना फोन केला.

“माझी सही अख्ख्या मुंबईत चालते!” ते कडाडले.

“हो सर. पण शिक्का नाही.”

 मग हळूच म्हणाले, “त्या सरपंचांना विचार ना, शिक्का कुठे करून मिळतो?”

धुळ्याच्या आग्रा रोडवरून सरांच्या नावाचा शिक्का करवून पाठवला. एकोणीस पानं शिक्के लेवून परत आली आणि मला सर्टिफिकेट मिळालं.

विद्यार्थ्यांना मी आजही सांगतो, पेशंट मरायला टेकला की नियमवाल्याचा फोन खाली ठेवा. फक्त दारात एखादा शिक्केवाला उभा करून ठेवा.