न्हाणीघरातली अमेरिका

एखाद्या महासत्तेची पत मित्रांमध्ये नेमकी केव्हा उतरू लागते, हा इतिहासातला गंभीर प्रश्न आहे. अमेरिकेपुरतं उत्तर मला ठाऊक आहे. ती उज्जैनला, देवास गेटजवळच्या आमच्या घरात उतरली. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश व्हायच्या बेतात होता, तेव्हाची गोष्ट.

वडील शेतकी खात्यात होते. कंपोस्टचे खड्डे कसे भरावेत हे गावोगाव शिकवायला एक अमेरिकन तज्ज्ञ आला होता आणि वडील त्याचे दुभाषे होते. साहेब भला माणूस. त्याने आम्हाला एक कॅलेंडर दिलं: बर्फ, लाल छपराचं घर, दारात मोटार. आईने ते देवघराशेजारी लावलं. रोज त्या बर्फावरून उदबत्तीचा धूर जाई.

तेव्हा नोकरदारांना एकच धास्ती होती, भोपाळची. राजधानी तिकडे, म्हणून खाती तिकडे, म्हणून माणसंही तिकडे. वडिलांना उज्जैन सोडायचं नव्हतं. क्षिप्रेवरची सकाळ, संध्याकाळचा पत्त्यांचा डाव आणि पोहे. भोपाळला पोहे कुणाला जमत नाहीत, अशी त्यांची तिथे न जाताच पक्की खात्री झाली होती.

साहेब एकदा आमच्याकडे जेवायला आला. मांडी घालता येईना, म्हणून पाटावर पाय लांब करून बसला. पुरणपोळी मागून घेतली. बदलीचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्या संचालकांशी मी बोलतो."

जेवत्या पानावर दिलेला शब्द आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. बाकीचे लोक भोपाळच्या क्वार्टरसाठी अर्ज करत सुटले. वडिलांनी केला नाही.

शेजारचे पोस्टातले काका रोज ओट्यावरून विचारत, "काय हो अमेरिका, अर्ज टाकला?"

"गरज नाही. साहेबाने शब्द दिलाय."

"शब्द! तुम्ही पण चौकात भेटेल त्याला 'या की जेवायला' म्हणता. खरंच कुणी आलं तर वहिनी आधी चूल पेटवतील की तुम्हाला?"

"तो आपल्यासारखा नाही."

"तेच तर म्हणतोय. आपल्याला निदान परत त्याच चौकात तोंड दाखवायचं असतं."

साहेबाच्या निरोपाचा समारंभ झाला. शामियाना, हार, इंदूरहून आलेले संचालक. बदल्यांची यादी त्यांच्याच हातात होती. साहेब विश्वशांतीवर बोलला, दोन महान राष्ट्रांवर बोलला, मातीवर तर फारच बोलला. वडील एकेक वाक्य हिंदीत सांगत होते आणि आपल्या वाक्याची वाट पाहत होते. "तुमची मैत्री मी विसरणार नाही," असं म्हणून साहेब खाली बसला.

वडिलांनी ते सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "और साहब का आग्रह है कि काम जमने तक यहाँ का आदमी यहीं रहे।"

"बिलकुल, बिलकुल!" संचालक म्हणाले. टाळ्या झाल्या. साहेबाला त्या मैत्रीच्याच वाटल्या. तो पुन्हा उठून लवला.

पोस्टातल्या काकांचं इंग्रजी चांगलं होतं. घरी येताना ते म्हणाले, "भाषण उत्तम झालं. शेवटचं वाक्य तर फारच. तेवढंच काय ते मला इंग्रजीत ऐकू आलं नाही."

आईला वडिलांनी खरं सांगितलं.

"म्हणजे तो बोललाच नाही?"

"मी बोललो ना. त्याच्या वतीने."

"पुरणपोळी मात्र त्याने स्वतःच खाल्ली," आई म्हणाली आणि देवघराशेजारचं कॅलेंडर काढून तिने न्हाणीघरात लावलं.

यादी लागली, तीत वडिलांचं नाव नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते उज्जैनलाच राहिले आणि सुखात राहिले. बदलून गेलेले लोक पुढच्या वर्षी दिवाळीला भोपाळहून आले, ते क्वार्टरमधल्या नळांचं कौतुक सांगत होते. आमच्या न्हाणीघरात कॅलेंडर होतं.