इवायांची दस्ती

दुनियेतल्या कोणत्याही दोन गावांमधलं अंतर आमच्या इवायांना विचारा. ते बराबर कधीच सांगणार नाहीत आणि चुकणारही नाहीत. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील, राहणार पुसेगाव. त्यांच्या हिशोबी प्रवासाचा वेळ रस्त्याला लागत नाही, गाडी भरायला लागतो. आमच्या इकडच्या गोरेगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही, या एका गोष्टीवर त्यांनी सगळी दुनिया मोजली. लग्न किती वाजता लागणार असं विचारलं तरी म्हणतात, "मांडव भरला की." जागा धरायची त्यांची रीतही ठरलेली. जीप दिसली की खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, खिडकीतून सीटवर फेकायची आणि निवांत चहाला जायचं. एकदा ते चहातच राहिले आणि दस्ती एकटी सेनगावला जाऊन आली. त्या फेरीला एक नवरदेव मागं लटकत गेला, पण दस्तीवर बसायची कोणाची हिंमत झाली नाही.

अशात सून तान्ह्या नातीला घेऊन माझ्या पोराकडं मेलबर्नला निघाली. पहिल्यांदाच, तेही एकटी. मी स्वतः मोबाइलवर पाहिलं : मुंबईहून दहा हजार किलोमीटरच्या जवळपास, साडेबारा घंटे. मी शाळेत फार गेलो नाही, पण एकदा वाचलेलं सोडत नाही. इवाई म्हणाले, "हे चालायचे घंटे झाले, पाव्हणं. भरायचे कुठं धरले तुमी?" आणि दस्ती लेकीच्या पिशवीत कोंबली. "चढल्याबरोबर टाक. लेकरू घेऊन उभी राहू नको."

"बाबा, तिकिटावर जागा लिहिलेली असते."

"लिहिलेलं कोण पाहते? दस्ती दिसते."

रात्री विमानात बसल्याचा तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच इवाई आमच्या ओट्यावर येऊन बसले. दुपारी पोचल्याचा फोन यायला हवा होता. तसं मी सगळ्या गल्लीला सांगूनही ठेवलं होतं. दुपार टळली, फोन नाही. मी अंगणात येरझाऱ्या घालू लागलो.

"काहून घाबरून राहिले?" इवाई म्हणाले. "भरलं नसंल वेळंवर."

"विमान आहे ते, जीप न्हाई."

"मंग तर जास्तच टाइम लागंल. केवढं मोठं असतंय."

ऊन उतरल्यावर फोन वाजला. मायलेकी सुखरूप पोचल्या होत्या. दुसऱ्या विमानातून येणाऱ्या पॅसेंजरसाठी यांचं विमान मुंबईतच कितीतरी वेळ थांबवून ठेवलं होतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. इवायांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"चालायला साडेबाराच लागले," मी म्हणालो.

"मी न्हाई म्हणलो का?" मग हळूच म्हणाले, "भाकर असंल तर वाढा." तेव्हा बायकोनं सांगितलं, या माणसानं सकाळपासून चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

संध्याकाळी फोटो आला. विमानाच्या सीटवर दस्ती अंथरलेली आणि तिच्यावर नात गाढ झोपलेली.

आता गोरेगावच्या स्टँडवर इवाई मोकळ्या खांद्यानं उभे राहतात आणि मागं दाटीत बसून जातात. मी नवी दस्ती घेऊन दिली, तर तिची घडी करून त्यांनी माझ्याच हातात ठेवली.

"एका माणसाला दोन जागा कशाला, पाव्हणं? एक तिकडं धरून ठेवलीय ना."